अर्नाळ्याचं पानी

मथुरा राऊत यांनी वसईच्या कोर्टात मराठी लघुलेखिका म्हणून एकतीस वर्षं काढली. साक्षीदार रडत बोलो, ओरडत बोलो, नाहीतर तोंडातल्या तोंडात पुटपुटो, त्याचा शब्द न् शब्द बाईंच्या वहीत उतरायचा. त्यातला एकही शब्द त्यांनी कधी आपल्या मनाने सुधारला नाही. निवृत्तीनंतर आगाशीतल्या घरामागच्या वाडीत, केळी आणि पानवेलींमध्ये त्यांचा दिवस बरा जायचा. पण बोटं काही स्वस्थ बसत नसत. टीव्हीवर कुणी बोलायला लागलं की उजव्या हाताचं बोट आपोआप मांडीवर खुणा काढू लागायचं.

दर मंगळवारी आणि शुक्रवारी अर्नाळ्याची फ्लॉसी मासळी घेऊन दारात यायची. जून लागला होता, मासेमारीची बंदी सुरू झाली होती, त्यामुळे पाटीत सुकट आणि बोंबील एवढंच होतं. त्या मंगळवारी तिने पाटी उतरवली, पण वरचं फडकं काही काढलं नाही. कमरेचा फोन काढून तिने मथुराबाईंच्या हातात दिला आणि त्यावर काय लिहिलंय ते वाचून दाखवायला सांगितलं.

फोनवर एक व्हिडिओ होता. पांढऱ्या केसांचे एक गृहस्थ बोटीच्या नाळीशी, पुढच्या टोकाला, उभे राहून बोलत होते आणि खाली अक्षरं सरकत होती. मथुराबाईंनी वाचलं, ‘तांदळाने सुखाने घट्ट धरावे. ढोल ओढताना खुलासा मागे उभा राहावा.’ त्यांना हसू आलं. फ्लॉसी हसत नाही हे दिसलं तशी त्यांनी फोन कानाशी धरला. ते गृहस्थ म्हणत होते, ‘तांडेलाने सुकानू घट्ट धरावं. डोल ओढताना खलाशी मागे उभा राहावा.’ डोल म्हणजे मासेमारीचं मोठं जाळं.

फ्लॉसीचा नवरा डॉमनिक जन्मापासून बहिरा. मुंबईला बहिऱ्या मुलांच्या शाळेत दहावीपर्यंत शिकला, मग सोळा वर्षं मोठ्या भावाच्या, पॉलच्या, बोटीवर खलाशी म्हणून गेला. आता पॉलची कंबर धरली होती आणि डॉक्टरांनी त्याला समुद्र बंद केला होता. बोट चालायची तर डॉमनिकने तांडेल व्हायला हवं होतं, म्हणजे सुकाणू धरणारा, बोटीचा मुख्य. पण त्यांच्या दर्याकिनारा मच्छीमार संस्थेने यंदा नियम केला होता की, जो सुकाणू धरणार त्याने संस्थेच्या वेबसाइटवरचे सुरक्षिततेचे सहा व्हिडिओ पाहायचे, प्रत्येकानंतरच्या प्रश्नांची उत्तरं द्यायची आणि शेवटी संस्थेच्या हॉलमध्ये तोंडी परीक्षा द्यायची. व्हिडिओत बोलणं होतं. प्रश्नही आवाजातच होते. अक्षरं होती ती अशी.

“चार वेळा वाचलं त्याने,” फ्लॉसी म्हणाली. “मग मला खुणेने विचारलं, बोटीवर तांदूळ कशाला? त्याला वाटतं त्यालाच वाचता येत नाय. शाळेत शिकलेलं विसरला म्हणतो. तुम्ही त्याला सांगा, चूक त्याची नाय.”

सांगून काय होणार होतं? मथुराबाईंनी फोन परत दिला आणि ही वेबसाइट कुणी बनवली ते विचारून घेतलं.

दुसऱ्याच दिवशी त्या माणिकपूरला गेल्या. स्टेशनजवळ एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर प्रणव नावाचा तिशीतला तरुण दोन कॉम्प्युटर घेऊन आसपासच्या संस्थांच्या, शाळांच्या, दवाखान्यांच्या वेबसाइट बनवत असे. तो उमराळ्याचा, वाडीवाल्यांच्याच घरातला. बाईंना त्याने खुर्ची दिली, पाणी दिलं आणि नीट ऐकूनही घेतलं. मग त्याने समजावलं की ही अक्षरं मशीन आपोआप काढतं, शहरी मराठी त्याला बरी जमते, पण कोळ्यांची बोली जमत नाही. संस्थेचे सभासद एकशे चाळीस, त्यात बहिरा एकच. त्या एकासाठी सहाही व्हिडिओ हाताने लिहून काढणारा माणूस आणायचा कुठून?

मथुराबाईंनी त्याला एक जुनी हकिगत सांगितली. एकदा कोर्टात एक मुकी-बहिरी बाई साक्षीला आली होती. तिच्या खुणा जाणणारा माणूस मुंबईहून येईपर्यंत जजसाहेबांनी कामकाज पुढे ढकललं. दोन्हीकडचे वकील, पोलीस, बाकीचे अकरा साक्षीदार, सगळे आल्या पावली परत गेले.

“एका बाईसाठी?” प्रणवने विचारलं.

“एका बाईसाठी. कारण जे झालं ते तिने पाहिलं होतं.”

मग प्रणवने कबूल केलं की त्या व्हिडिओतलं अर्धं बोलणं त्यालाही कळलेलं नाही, त्याने ते नुसतं चढवून दिलं होतं. बाईंना जुन्या टाइपरायटरच्या कीबोर्डची सवय होती, तर त्याने एका लॅपटॉपवर तोच कीबोर्ड बसवून दिला. वाक्य पडद्यावर कधी यावं आणि कधी जावं, ते कसं ठरवायचं तेही शिकवलं. प्रश्न लेखी करण्याचं त्याने स्वतःकडे घेतलं. लॅपटॉप पिशवीत घालून बाई रिक्षात बसल्या, तेव्हा पाच वर्षांत पहिल्यांदा त्या कामावरून घरी चालल्या होत्या.

व्हिडिओत बोलणारे गृहस्थ म्हणजे शंकर तांडेल. सत्तरी ओलांडलेले, पन्नास वर्षं समुद्रात काढलेले. किनाऱ्यावर सगळे त्यांना शंकरदादा म्हणत. त्यांचं बोलणं भरभर, मधेच वाक्य सोडून दुसरं धरणारं. मथुराबाईंना पहिला व्हिडिओ लिहायला चार दिवस लागले. अडलेले शब्द त्यांनी फ्लॉसीकडून समजून घेतले. आणि कोर्टातली सवय होती तीच ठेवली, दादा जसं बोलले तसं लिहायचं. दादा ‘पानी’ म्हणाले तिथे ‘पानी’, ‘कोनी’ म्हणाले तिथे ‘कोनी’.

पुढच्या आठवड्यात शुक्रवारी फ्लॉसी डॉमनिकला घेऊन आली. उंच, रापलेला, दारात चपला काढतानाही अवघडलेला. ओटीवर बसून त्याने व्हिडिओ पाहायला सुरुवात केली, आणि मथुराबाई त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. तो भराभर वाचत होता. एके ठिकाणी हसला, कारण दादांनी तिथे एक चावट विनोद केला होता आणि बाईंनी तोही सोडला नव्हता. मग त्याने व्हिडिओ थांबवला. पडद्यावर होतं, ‘पानी चढायला लागलं की कोनाची वाट बघू नका.’

त्याने फोनवर लिहून बाईंपुढे धरलं. ‘मावशी, इथे पाणी पाहिजे ना?’

बाईंनी त्याखाली लिहिलं, ‘पुस्तकात पाणी. शंकरदादा पानी म्हणतात. ते बोलतात तसं मी लिहिलं.’

डॉमनिकने फ्लॉसीकडे पाहून हात हलवले. फ्लॉसी आधी त्याला हाताने काहीतरी म्हणाली, मग बाईंकडे वळली. “विचारतो, सगळे असंच बोलतात का. मी सांगितलं, आपल्याकडे सगळेच पानी म्हणतात. ओठांवर दोन्ही सारखंच दिसतं ना, त्याला कसं कळनार?”

डॉमनिक पडद्याकडे बघत होता. चौतीस वर्षं तो ज्या लोकांत राहिला त्यांची बोली त्याने आज पहिल्यांदा पाहिली होती. त्याने पुन्हा फोन घेतला. या वेळी दोनच शब्द होते. ‘आई पण?’

“आई पन,” फ्लॉसी म्हणाली आणि तिने मान डोलावली. डॉमनिकची आई जाऊन सहा वर्षं झाली होती.

तो बराच वेळ त्या एका ओळीपाशी थांबला. मथुराबाई चहाच्या निमित्ताने उठून आत गेल्या. एकतीस वर्षं हुबेहूब लिहिणं त्यांनी नोकरी म्हणून केलं होतं. शाबासकीही मिळाली होती, एकदा तर मुंबईहून आलेल्या साहेबांनी भर कोर्टात केली होती. पण ते लिहिणं एवढ्या कामाचं असतं हे त्यांना स्वयंपाकघरात उभं राहून आधण उकळताना कळलं. त्यांची मान आपोआप ताठ झाली.

दुसरा आणि तिसरा व्हिडिओ झपाट्याने झाले. चौथ्यात गाडं अडलं. तिथे शंकरदादा इंजिनाशी वाकून म्हणतात, ‘इंजिनाने हवा धरली की आवाज बदलतो. आता ऐका,’ आणि मग बारा सेकंद काहीच बोलत नाहीत. बाईंनी लिहिलं, ‘इंजिनाचा आवाज’. मग पुसलं. हे म्हणजे साक्षीदार काहीतरी बोलला असं नोंदवण्यासारखं होतं. कसा आवाज? आधी कसा होता, नंतर कसा झाला?

शेवटी रिक्षा करून त्या अर्नाळ्याला गेल्या. किनाऱ्यावर बोटी एकीला एक लागून उभ्या होत्या, वर ताडपत्र्या बांधलेल्या. डॉमनिकच्या बोटीचं नाव जुलियाना, आईचंच. अडचण काय ती बाईंनी लिहून दाखवली. डॉमनिकने त्यांना शिडीवरून हात देऊन वर घेतलं, इंजिन चालू केलं आणि त्यांचा तळहात धरून इंजिनाच्या कवचावर ठेवला. लोखंड एका लयीत थरथरत होतं. मग हवा शिरावी म्हणून त्याने डिझेलची नळी थोडी सैल केली. हळूहळू लय मोडली. दोन ठोके, मग एक पोकळी, मग घाईघाईचे तीन, पुन्हा पोकळी. बाईंनी दुसऱ्या हाताने मांडीवरच्या वहीत खुणा काढून घेतल्या.

घरी जाण्याआधीच त्यांनी वाक्य करून त्याला दाखवलं. ‘इंजिन दोन ठोके देतं, एक गाळतं, मग घाईने तीन देतं. लोखंडावर हात ठेवला तर जाणवेल.’ डॉमनिकने वाचून मान हलवली, पेन घेतलं आणि ‘हात’ खोडून ‘पाय’ लिहिलं. खाली कारणही लिहिलं, ‘समुद्रात हात रिकामे नसतात. अनवाणी पाय फळीवर ठेवायचा.’

जुलैच्या सुरुवातीला सहाही व्हिडिओ लिहून झाले. प्रणवने ते वेबसाइटवर चढवले. शेवटी त्याने आपल्या मनाने एक पाटी टाकली होती, ‘बोलणं – शंकर तांडेल. लिहिणं – मथुरा राऊत.’ बाईंनी ती दोनदा वाचली. मग त्याला फोन करून चौथ्या व्हिडिओच्या पाटीवर आणखी एक ओळ घालायला लावली, ‘इंजिनाचा आवाज – डॉमनिक, बोट जुलियाना.’

डॉमनिकने लेखी प्रश्नांची उत्तरं दोन दिवसांत देऊन टाकली. एकशे वीसपैकी एकशे चौदा. राहिली ती तोंडी परीक्षा, आणि ती घेणार होते शंकरदादाच. फ्लॉसी म्हणाली, मी शेजारी उभी राहते आणि दादा विचारतील ते खुणेने सांगते. डॉमनिकने साफ नकार दिला. बायकोच्या तोंडून पास झाला असं लोक म्हणतील, हे त्याला नको होतं. शिवाय इंजिनाच्या आणि वाऱ्याच्या सगळ्या शब्दांना त्या दोघांच्या घरगुती खुणा नव्हत्याच.

मग मथुराबाईच म्हणाल्या, “मी तिथे बसून लिहीन. दादा बोलतील तसं मागच्या पडद्यावर येईल.”

म्हणायला म्हणाल्या, पण बोलण्याच्या वेगाने टाइप करणं ही सोपी गोष्ट नव्हती. लघुलेखन असतं तर हसत केलं असतं, पण त्या खुणा दुसऱ्या कुणाला वाचता येत नाहीत. तोड प्रणवने काढली. त्याने लॅपटॉपला असं शिकवलं की बाईंनी दोन अक्षरं टाकली की पूर्ण शब्द उमटावा. ‘सु’ टाकलं की सुकानू, ‘डो’ टाकलं की डोल. बाईंनी अडीचशे शब्दांची यादी केली आणि पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ शंकरदादांचेच व्हिडिओ लावून सराव केला. बोटांचे सांधे सुजले तेव्हा कोमट पाण्यात मीठ घालून हात बुडवून बसल्या, आणि पुन्हा सुरू झाल्या.

जुलैच्या शेवटच्या रविवारी चर्चमध्ये मिस्सा संपल्यावर संस्थेचा हॉल भरला. साठेक माणसं असतील. एका बाजूला पडदा, त्याच्याजवळ टेबलावर मथुराबाई, समोर डॉमनिक आणि त्याच्यापुढे उत्तरं लिहायला पांढरा फळा. पॉल कंबरेला पट्टा बांधून पहिल्या रांगेत बसला होता. शंकरदादा आले आणि पडद्याकडे पाहून म्हणाले की हे वाचणार कोण, आमचे लोक ऐकणारे. मग त्यांनी बोलायला सुरुवात केली.

पहिली पाच मिनिटं बाईंची दमछाक झाली. दादा एक वाक्य पुढे, पडदा एक वाक्य मागे. दोन ठिकाणी भलताच शब्द उमटला आणि मागच्या रांगेत कुणी तरी हसलं. “दादा, जरा सावकाश,” बाई म्हणाल्या. दादा थांबले नाहीत. बाईंनी आवाज चढवून पुन्हा सांगितलं. दादा बोलतच राहिले. तेव्हा बाईंनी तेच पडद्यावर टाइप केलं, ‘शंकरदादा, जरा सावकाश बोला.’

दादांची नजर पडद्यावर गेली. ते थांबले. “बरं, सावकाश बोलतो,” म्हणाले.

बाईंनी दोनदा सांगितलेलं मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं होतं, ते दोन हातांवरच्या दादांना गेलं नव्हतं. पन्नास वर्षं इंजिनाशेजारी काढलेला माणूस. हल्ली दादा कशालाही ‘हां हां’ म्हणून पुढे जातात, याचा अर्थ त्या क्षणी साठ माणसांना एकदम उमगला. दादांनाही तो उमगला असावा. त्यांनी आपली खुर्ची उचलली आणि पडदा नीट दिसेल अशी वळवून ठेवली. त्यानंतर मागून कुणी काही विचारलं की ते आधी पडद्यावर वाचत आणि मग नेमकं उत्तर देत. बाईंचे हात आता लयीत चालू लागले होते.

प्रश्न सुरू झाले. वारा फिरला तर काय करशील, जाळं बोटीच्या पंख्यात अडकलं तर, माणूस पाण्यात पडला तर. डॉमनिक वाचायचा, फळ्यावर लिहायचा, चित्र काढायचा. मग दादांनी विचारलं, “इंजिनाने हवा धरली ते तुला कसं कळनार?”

डॉमनिकने चप्पल काढली, अनवाणी पाय जमिनीवर दोनदा आपटला, एकदा वर धरला, मग भराभर तीनदा आपटला. दादा पुढे झुकले. “मलापन हल्ली तसंच कळतं,” ते म्हणाले, आणि हेही बाईंनी पडद्यावर उतरवलं.

शेवटचा प्रश्न सगळ्यांच्या मनातला होता. दादांनी तो टाळला नाही. “वादळाचा इशारा वायरलेसवर येतो. तू तांडेल झालास तर तो ऐकनार कोन?”

डॉमनिकने फळा पुसला. सावकाश, मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि सगळ्यांना दिसेल असा बाजूला झाला. ‘बोटीवर पाच जन असतात. ऐकायला चौघे आहेत. पान्याकडे बघनारा मी.’

मथुराबाईंचे हात कीबोर्डवर थबकले. शाळेत दहावीपर्यंत शुद्धलेखनात पहिला येणाऱ्या माणसाने ते तीनही शब्द जाणूनबुजून असे लिहिले होते. तो आपल्या माणसांशी त्यांच्याच बोलीत बोलत होता. पहिल्या रांगेत पॉल उठून उभा राहिला, पट्ट्यामुळे वाकडातिकडा, पण उभा राहिला.

शंकरदादांनी फळा वाचला, पुन्हा एकदा वाचला. मग टेबलावरच्या कागदावर सही केली आणि तो डॉमनिकच्या हातात न देता आधी मथुराबाईंपुढे धरला. “तुम्ही साक्षीदार,” म्हणाले. “खाली तुमचीही सही करा.” कोर्टात एकतीस वर्षं त्यांनी हजारो कागद लिहिले होते, पण साक्षीदार म्हणून सही कधी केली नव्हती. त्यांनी पूर्ण नाव लिहिलं.

एक ऑगस्टला समुद्र उघडला. सकाळच्या भरतीला जुलियाना निघाली तेव्हा बाई किनाऱ्यावर फ्लॉसीजवळ उभ्या होत्या. सुकाणूवर डॉमनिक होता, पाय अनवाणी, फळीवर घट्ट. त्याच्यामागे त्याचा चुलतभाऊ वायरलेस गळ्यात अडकवून बसला होता. बोट किल्ल्याच्या बेटाला वळसा घालून दिसेनाशी होईपर्यंत फ्लॉसी तिच्याकडे बघत राहिली. मग शेजारच्या बायकांना बाईंची ओळख करून देताना म्हणाली, “या आमच्या लिहिनाऱ्या.”

प्रणवने आपल्या सगळ्या जुन्या वेबसाइट अक्षरं तपासायला एकेक करून पुन्हा उघडल्या आहेत. पाचूबंदरच्या मच्छीमार संस्थेने त्याला व्हिडिओचं काम दिलं तेव्हा त्याने पहिली अट घातली ती लिहिणाऱ्या माणसाची. मथुराबाईंनी होकार दिला, पण त्यांचीही एक अट होती. पाचूबंदरची बोली वेगळी, त्यामुळे तिथलं कुणीतरी शेजारी बसलं पाहिजे. अर्नाळ्याचे शब्द पाचूबंदरच्या तोंडी घालायला त्या तयार नाहीत.